वहीला सांगितलेली गावं

म्हसवडच्या स्टँडवर सांगलीची एस.टी. लागली तेव्हा माझ्याजवळ एक मोठी सुटकेस, गादीची वळकटी, प्लास्टिकची बादली आणि भाकरी बांधलेलं फडकं एवढं सामान होतं. दोन वर्षं एमबीए करायला निघालेली मुलगी याहून वेगळं काय नेणार? तेवढ्यात शेजारच्या वाडीचे नाना आले. "पोरगी कुटं निघाली म्हनायची?" त्यांनी विचारलं. माझे वडील, म्हणजे आबा, बादली पायानं जरा मागं सारत म्हणाले, "मावशीकडं. आठ दिसांनी माघारी." नानांनी वळकटीकडं बघितलं, बादलीकडं बघितलं, "बरं बरं" म्हणाले आणि तंबाखू मळत निघून गेले. आबा खोटं बोलताहेत हे त्यांना कळलं नसेल असं नाही. पण त्याचा त्यांना राग यायचं कारण नव्हतं, कारण ते स्वतः कुठं निघाले होते हेही त्यांनी आम्हाला खरं सांगितलं नसतं.

गाडी हलली तसे आबा खिडकीशी आले. मला वाटलं, आता काहीतरी मायेचं बोलतील. ते म्हणाले, "इचारनारा कोन हाय, ते आदी बगायचं. प्रश्न मागनं."

बाहेरच्यांना हे विचित्र वाटतं म्हणून सांगते. आम्ही माणदेशातले धनगर. आमच्याकडं पाऊस नावापुरता. दिवाळी झाली की आबा आणि आई मेंढरं घेऊन पश्चिमेला निघतात, घोड्यावर बिऱ्हाड टाकून, ते मृगाच्या तोंडावर परत येतात. मधले सात महिने कुणाच्या तरी मोकळ्या रानात तळ पडतो. रात्री मेंढरं रानात बसली की शेताला खत मिळतं, म्हणून शेतकरीच बोलावून घेतो. पण चारा थोडा आणि कळप फार. पुढचं रान कुठलं हे तोंडातून गेलं की दुसरा कुणीतरी दोन दिवस आधी तिथं पोचतो. मग चोरांची भीती, आणि सगळ्यांत वर दृष्टीची. म्हणून तीन गोष्टी कुणाला सांगायच्या नाहीत: मेंढरं किती, आज कुठं, उद्या कुठं. लहानपणी कुणी कळपाचा आकडा विचारला तर मीसुद्धा "सिद्धनाथाच्या किरपेनं हायती चार-दोन" असं म्हणायची, मग समोर सगळं माळरान पांढरं झालेलं का असेना.

असं वळण घेऊन मी सांगलीच्या विश्रामबागेतल्या मुलींच्या हॉस्टेलवर पोचले.

माझी रूममेट मृणाल, वाईची. घर गावातलं, बोलणं स्वच्छ, कपाटाला कुलूप नाही. कुलूप नाही म्हटल्यावर माझा पहिला संशय तिथंच सुरू झाला. हिच्याजवळ लपवण्यासारखं काही नाही की हिला दुसऱ्याचं कपाट उघडायचंय? पहिल्याच संध्याकाळी तिनं विचारलं, "तुमच्याकडे मेंढ्या आहेत ना? किती आहेत गं?" हिला काय करायचंय? हिला कुणी विचारायला सांगितलं? मी म्हणाले, "आहेत चार-दोन." तिला ते खरंच वाटलं. पुढं महिनाभर ती मैत्रिणींना कळवळून सांगायची, की बिचारीच्या घरी चारच मेंढ्या आहेत आणि तरी ती एमबीए करतेय. तिचे मामा पाचगणीला असतात. त्यांनी स्ट्रॉबेरीची पेटी पाठवली तेव्हा तिनं अर्धी माझ्या टेबलावर ठेवली. मी दोन दिवस पेटीला हात लावला नाही. फुकट देणाऱ्याला काय हवंय हे कळल्याशिवाय खायचं कसं? तिसऱ्या दिवशी स्ट्रॉबेरींना बुरा आला आणि मी त्या गुपचूप टाकून दिल्या. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मी स्वतःला लई हुशार समजत होते.

आमचं स्पेशलायझेशन प्रोजेक्ट मॅनेजमेंट. हा विषय निघाला तो नेमका आमच्या घराच्या उलटा. इथं सगळं आधी जाहीर करायचं. काम किती, कधी सुरू, कधी संपणार, कोण करणार, कुठं अडेल. दर आठवड्याला स्टेटस रिपोर्ट द्यायचा, म्हणजे आज कुठं आणि उद्या कुठं. चार्टवर प्रत्येक कामाची आडवी पट्टी काढायची आणि ती भिंतीवर लावायची, येणाऱ्याजाणाऱ्यानं वाचावी म्हणून! पहिले दोन महिने मला हे वेड्यांचं शास्त्र वाटलं. मग आमच्या गाइड मॅडमनी एकदा वर्गात सांगितलं, "कुठलाही कंत्राटदार तुम्हाला खरी तारीख सांगत नाही. दहा दिवसांचं काम असेल तर पंधरा सांगतो. ते पाच दिवस शोधून काढणं हे तुमचं काम." त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, आपण बरोबर जागी आलोय. वर्गातल्या इतरांना त्या पट्ट्या दिसायच्या. मला पट्ट्यांमागं दडवलेले दिवस दिसायचे. केस स्टडीत कोण काय लपवतंय हे मी वास घेतल्यासारखं सांगायची आणि मॅडम खूश व्हायच्या.

दुसऱ्या वर्षी स्वतंत्र प्रोजेक्ट करायचा होता. पोरं साखर कारखाना, बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज असले विषय घेत होती. मॅडम मला म्हणाल्या, "तुझ्या घरची ती सात महिन्यांची वाट आहे ना, तीच घे. शेकडो जनावरं, दोन माणसं, एवढे मुक्काम आणि कागद एकही नाही. याहून मोठं प्रोजेक्ट मॅनेजमेंट कुठलं?" मला भरून आलं. आबा काय करतात ते सांगताना मी आजवर आवाज खाली आणायची, आणि इथं एक शिकलेली बाई त्याला शास्त्र म्हणत होती. "शेकडो" हा आकडा तिला कुणी सांगितला, असा प्रश्न मनात आला, पण मी तो दाबला. आयुष्यात संशय न धरण्याची चूक मी एकदाच केली, ती अशी सुरू झाली.

दिवाळीत घरी गेले. कळप निघायला चार दिवस होते. ओट्यावर आबांसमोर बसले, मांडीवर वही, मध्ये मोबाईल रेकॉर्डिंगला लावलेला. आबांनी त्यासाठी धुतलेला फेटा बांधला होता. मी विचारत गेले आणि आबा सांगत गेले. पहिला तळ कुठं, किती दिवस, दुसरा कुठं, नदी कुठं ओलांडता, पौषात कुठं. आबा धडाधड बोलले. आणि तारखा! ज्या माणसानं जन्मात अमावस्या-पुनवेशिवाय काळ मोजला नाही, तो "दहा जानेवारी ते अठरा जानेवारी बोरगाव" असं सांगत होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मला चार्टसाठी तारखा हव्या होत्या आणि हव्या असलेल्या गोष्टीचा कुणी संशय घेत नाही. आई चुलीपाशी बसून ऐकत होती. ती एकदाच म्हणाली, "लिवून झालं का गं? चा घ्या आता."

चार्ट लई देखणा झाला. एकेका तळाची पट्टी, नदी ओलांडायचे दिवस तांबड्या रंगात, ऊसतोड लांबली तर काय, याचं वेगळं रिस्क रजिस्टर. मॅडमनी तो डिपार्टमेंटच्या भिंतीवर लावला आणि म्हणाल्या, "जानेवारीत आपण बोरगावला फील्ड व्हिजिट करू. प्रत्यक्ष बघितलं की मला रिपोर्टवर सही करता येईल." मृणालही हट्टानं निघाली. तिला कोकरं बघायची होती.

बोरगावला आम्ही सकाळी अकराला पोचलो. चार्टप्रमाणे तळाचा चौथा दिवस. रानात हरभरा गुडघ्याएवढा उभा होता. मेंढरू सोडा, लेंडीसुद्धा दिसेना. बांधावरच्या शेतकऱ्याला विचारलं, तर तो आमच्या तिघींच्या सँडलकडं बघत म्हणाला, "मेंढरं? न्हाईत बा. हुबं पीक हाय, मेंढरं कोन बसवंल? कोन म्हनलं तुमास्नी?"

मी बाजूला जाऊन फोन लावला. आबांनी उचलला. मागं कळपाचा आवाज, आईची कुत्र्याला हाक.

"आबा, कुटं हायसा?"

"हाय की बोरगावात. नदीकडंच्या रानात."

"आबा, म्या बोरगावात हुबी हाय. त्याच रानात."

मग आबांनी विचारलं, "एकलीच हायस?"

"न्हाई. कालेजच्या मॅडम हायत्या."

"बरं. मग मागनं बोलू," म्हणाले, आणि फोन ठेवला.

प्रोजेक्ट बुडणार ही भीती होतीच, पण ती खरं तर दुय्यम होती. मला दुसरंच खात होतं. आबा कुणाशी खोटं बोलतात हे मला लहानपणापासून पाठ होतं: नानांशी, दलालाशी, वाटेत गाडी थांबवून चौकशी करणाऱ्याशी. त्या यादीत माझं नाव कधी गेलं? शिकायला बाहेर पडले त्या दिवशी? की हॉस्टेलवर राहून "हाय"चं "आहे" झालं तेव्हा? मी घरातली उरले की विचारणारी झाले, एवढंच मला कळायला हवं होतं, आणि ते कुणाला विचारायचीही सोय नव्हती.

मॅडम चार्टची घडी उलगडून उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला चांगलंच ओळखीचं होतं, कारण मी स्वतः लोकांकडं तसंच बघते. "हा डेटा तू खरंच घेतलास की खोलीत बसून लिहिलास?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मृणाल म्हणाली, "मॅडम, तिनं मला काल सांगितलं होतं, की ऊसतोड पुढेमागे झाली तर जागा बदलते म्हणून. मीच म्हटलं, जाऊन तर बघू." मी तिच्याशी यातलं अवाक्षरही बोलले नव्हते. परतीच्या गाडीत मी खिडकीला डोकं टेकून विचार करत राहिले, की ही माझ्यासाठी खोटं का बोलली, आता बदल्यात काय मागेल? तिनं फक्त भडंगाचा पुडा फोडून मधे ठेवला. या वेळी मी खाल्लं.

संध्याकाळी अनोळखी नंबरवरून आईचा फोन आला. कुणा बाईचा मोबाईल मागून घेतला होता तिनं. "रवारी ये. एकलीच. कऱ्हाडावरनं कोयनानगरची गाडी धर, पाटनच्या फुडं उतर, म्या रस्त्याला हुबी राहते. आन वही आनू नगंस."

रविवारी मी कऱ्हाडला कोयनानगरची गाडी धरली, पाटणच्या पुढं उतरले. आई खरंच फाट्यावर उभी होती. डोंगराच्या पोटाशी, रस्त्यावरून दिसणार नाही अशा जागी तळ होता. दिवस कलत होता आणि आबा मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, घेत होते. त्यांनी मला बघितलं, पण काम सोडलं नाही. मीही काही न बोलता जाळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिले, जिथं लहानपणी उभी राहायची. एकेक मेंढरू आत गेलं. आबा ती मोजत नाहीत, ओळखतात. शेवटचं आत गेल्यावर जाळी बांधून ते माझ्याजवळ आले.

"वही?"

"न्हाई आनली."

"त्यो मोबाईल?"

"पिशवीत हाय. बंद."

ते दगडावर बसले. मी सगळं बोलून टाकलं. रडले, ओरडलेही. मी म्हणाले, नानांना खोटं सांगितलंत, समजलं, पण मला? मी काय तुमची मेंढरं पळवणार होते? आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुला कवा खोटं सांगितलं गं म्या?" ते म्हणाले. "म्या त्या वहीला सांगितलं. तुज्या तोंडात ग्येलं तर तुज्याजवळ ऱ्हाईल. वहीत ग्येलं ते कुटं कुटं जाईल, तुला तरी ठावं हाय का? वही काय माज्या पोटची हाय?"

"मग मला सांगायचं की, सांगनार न्हाई म्हनून."

"त्या मोबाईलच्या म्होरं? त्यो समदं ऐकत व्हता की. आन तू लय हौसंनं लिवत व्हतीस. न्हाई म्हनलं असतं, तर तुजं तोंड येवढंसं झालं असतं."

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "म्या म्हनलं व्हतं ह्यास्नी, पोरगी तितं जाऊन तोंडघशी पडंल. तर म्हनत्यात, शाळेची मानसं कवा रानात येत्यात व्हय?"

मला हसू आलं, आणि हसताना पुन्हा रडूही आलं. मग आबांनी, मी न विचारता, बोटानं समोरची खिंड दाखवली. तिच्यापलीकडं कुणाचं रान, तिथं किती दिवस, पुढं कुठली वाट, पाणी कुठं, कुणाशी आधी बोलणं झालंय, कुणाचा भरवसा नाही, सगळं. एक तारीख नाही, एक आकडा नाही. मी ऐकत गेले आणि ते डोक्यात बसत गेलं. माझ्या चार्टपेक्षा ते कितीतरी पक्कं होतं. तिथं मोकळे दिवस कुठं दडवलेत ते मलासुद्धा शोधता आलं नाही.

सोमवारी मी मॅडमसमोर उभी राहिले. खरी वाट आता माझ्याजवळ होती. ती लिहून दिली असती तर सही मिळाली असती, मार्कही मिळाले असते. मी म्हणाले, "मॅडम, चार्ट चुकीचा आहे. बरोबर कुठला ते मला माहीत आहे, पण मी लिहिणार नाही."

"म्हणजे वडिलांनी तुला खोटं सांगितलं?"

"मला नाही. वहीला."

मॅडमनी चार्टची घडी घातली. "आणि आता तू सांगतेस ते खरं कशावरून?"

मी तो रिपोर्ट नव्यानं लिहिला: मेंढपाळ आपली वाट का सांगत नाही, आणि त्याच्या रिस्क रजिस्टरमध्ये पहिली ओळ विचारणाऱ्याची का असते. जागांची नावं नाहीत, फोटो नाही, सहीशिक्क्याचा पुरावा नाही. मॅडमनी पास होण्यापुरते मार्क दिले, एकही जास्त नाही. वर्गात माझा नंबर घसरला आणि ज्या कंपनीत जायची माझी इच्छा होती तिथं मृणाल गेली. ती आजही दर संक्रांतीला तिळगूळ पाठवते. मी खाते. पुड्याचा वास आधी घेते, पण खाते.

आता मी सांगलीतच एका बांधकाम फर्ममध्ये प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर आहे. दिवसभर माणसांकडून तारखा गोळा करते. "मॅडम, शुक्रवारी स्लॅब पडणार," असं कुणी म्हटलं, की मी त्याच्या तोंडाकडं न बघता साइटवर सिमेंट किती आलंय ते बघते. लोक मला खडूस म्हणतात. नवरा म्हणतो, तुला दूधवाल्याच्या दुधातही कट दिसतो. दिसतो, कारण असतो. पूर्वी मला वाटायचं, शहरात आले की हा स्वभाव गळून पडेल, माणूस मोकळं होईल. झालं उलटंच. इथं प्रत्येकजण मोबाईलवर आपलं आजचं ठिकाण आपण होऊन जगाला सांगत असतो, आणि मला त्यांची काळजी वाटते.

माझ्यासारखे घर सोडून आलेले पुष्कळ आहेत. त्यांना कुणी घर कुठं म्हणून विचारलं की ते गावाचं नाव सांगतात आणि त्यांना आपलं अंगण दिसायला लागतं. मी "म्हसवड" म्हणते आणि काहीच होत नाही. पौषात तिथल्या आमच्या घरात दादा, वहिनी आणि त्यांची शाळेत जाणारी पोरगी असते. माझं घर त्या वेळी दुसरीकडं असतं, जाळीच्या कुंपणात, चुलीच्या तीन दगडांशी. ते कुठं आहे हे सांगलीत फक्त मला ठाऊक असतं. आबा दर पंधरवड्याला फोन करतात. मी एकटी आहे का ते विचारतात. मी दार लावून घेते आणि "एकलीच हाय" म्हणते. मग ते सांगतात. लग्नाला चार वर्षं झाली, मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. त्याला राग येऊ नये, म्हणून हे इथंच कबूल करते.

हे छापून आलं की दादाची पोरगी आबांना फोनवर वाचून दाखवील, आणि कोयनेचं नाव ऐकलं की आबा तिला मध्येच थांबवतील. आबा, घाबरू नका. त्या रविवारी मी कऱ्हाडला उतरलेच नव्हते. बोरगावचं नावसुद्धा बोरगाव नाही. तुम्ही त्या दिवशी खरं कुठं होता आणि आज कुठं आहात, ते यात कुठंच लिहिलेलं नाही. हीसुद्धा वहीच आहे.